वाळकाच्या बियांचा भोपळा

"ह्याला कुणी हात लावू नका. ह्यो भाजीचा न्हाय, बियाचा हाय."

कुंपणावर कोवळा लोंबत होतो तेव्हा ऐकलेला हा आवाज. तो होता निमगाव केतकीच्या सरुबाईचा. तिच्या त्या एका बोलण्याने मी विळीवरून वाचलो.

मित्रांनो, मी एक जुना, वाळका भोपळा आहे. वेलावरच जून झालो, उन्हात वाळलो. मग सरुबाईने माझ्या डोक्यावर भोक पाडले, पोटात खडे घालून खळखळा हलवले आणि सगळा गर काढून टाकला. चुलीच्या वर, धूर लागेल अशा बेताने मला शिंक्यात टांगले. धुराने माझा रंग तांब्यासारखा झाला आणि मी रुबाबात झुलू लागलो.

माझ्या पोटात असे वाळकाचे, म्हणजे गावरान काकडीचे बी. सरुबाईने ते पळसदेवाहून, माहेराहून पदराच्या गाठीत आणले होते. दरसाल ती ते थंड राखेत घोळवायची आणि गुणगुणायची,

भीमेच्या वाळूमंदी वाळकाचा येल गेला
माझ्या माहेराचा ग निमगावी हिरवा झाला

तिचे वाळूक कापले की वास शेजारच्या आळीत जाई. बी मागायला बाया येत. रीत ठरलेली होती, मूठभर न्यायचे आणि ओंजळभर आणून द्यायचे.

मग बावन्न साल आले. पाऊस रुसला. घरोघरी बियाणेसुद्धा भाजून खाल्ले गेले. सरुबाईने माझ्या तोंडात चिंधीचा बोळा घट्ट बसवला आणि सुनेला, फुलाबाईला बजावले की औंदा बी कुणालाही द्यायचे नाही. आपलेच उगवले नाही तर वाण बुडेल, ही तिची धास्ती. तीही खोटी नव्हती.

पण उन्हाळा सरता सरता करिमा आली. तिचा नवरा इस्माईल इंदापूरच्या बाजारात भाजी विकायचा. विहिरीला हातभर पाणी होते, पण घरात पेरायला बी नव्हते. फुलाबाईला राहवले नाही. तिने मूठभर बी तिच्या पदरात घातले आणि माझे वजन भरावे म्हणून तेवढीच राख माझ्यात लोटली. मग छबूबाई आली. पुन्हा मूठ, पुन्हा राख. मी सगळे पाहत होतो. पण भोपळ्याला तोंड असून बोलता येत नाही.

एकदा सासूची चाहूल लागली. घाईघाईत फुलाबाईने चुलीतलीच राख उचलली. आत निखाऱ्याची धग होती. माझे पोट चरचरले, आणि उरलेले बी मुकाट्याने मेले.

पाऊस पडला. सरुबाईने आळी केली, बी टोकले. आठ दिवस गेले, पंधरा गेले. एक कोंब वर येईना. तिने माती उकरून बी चिमटीत धरले. आत नुसता काळा कोंडा. "भोपळा कुजला," एवढेच ती म्हणाली, आणि मी गोठ्यात जाऊन पडलो. तिथे एका कोंबडीने माझ्याशी दोस्ती केली, एवढेच सुख. सरुबाईचे गुणगुणणे थांबले. फुलाबाईला घास गोड लागेना.

भादव्यात करिमा दारात आली. ओंजळीत धुतलेले, टपोरे बी.

"मावशी, मूठभर नेलं हुतं. घ्या तुमचं."

सरुबाई उंबऱ्यापाशी आली. "माझं? मी कधी दिलं? भोपळा चालत आला व्हय गं तुझ्या घरी?"

करिमा फुलाबाईकडे बघून हसली. सरुबाईला उमगले. तिने बी हुंगले, डोळ्यांना लावले आणि सुनेला म्हणाली, "माझं ऐकलं न्हाईस, बरं केलंस बाई. वाण जगला. आता तो कुजका भोपळा आण, चुलीत घालू. बी मडक्यात ठिवू."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूवर दोष ढकलणे फार सोपे असते. तुम्ही बी जपा, ते वाटा, आणि हातून चूक झाली तर ती आपली म्हणा. एवढेच माझे मागणे.

फुलाबाईने मला आणले. गप्प राहिली असती तरी चालले असते. सासू खुशीत होती, चूल पेटलेली होती. पण तिने मला पोटाशी धरले.

"आत्याबाई, भोपळा कुजका न्हाय. ऊन राख मी घातली हुती."