अबुधाबीत काही काळ वास्तव्य

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या साधनाच्या कंपनीकडे अबुधाबीत होणाऱ्या गुंतवणूकदारांच्या एका परिषदेचं काम आलं होतं. मुख्य पाहुण्या होत्या इंदोनेशियातल्या एका बेटप्रांताच्या गव्हर्नर, सुलास्त्रीबाई. पुस्तिकेसाठी त्यांचा परिचय साधनाने लिहायचा होता.

त्यांच्या कार्यालयाने माहिती अगदी सरळ पाठवली होती. वडील कोळी, बाई लहान असताना समुद्रात बुडाले. आई अकरा वर्षं अबुधाबीत मोलकरीण होती. त्या कमाईवर मुलगी शिकली, आरोग्यकेंद्रात नर्स झाली, मग जिल्ह्याची प्रमुख म्हणून निवडून आली आणि दोन वर्षांपूर्वी गव्हर्नर झाली.

‘मोलकरीण’पाशी साधना अडली. समोर मोठमोठे बँकवाले बसणार, त्यांना हे कशाला? तिने ते वाक्य काढून लिहिलं, ‘मातोश्रींचं काही काळ अबुधाबीत वास्तव्य.’ आपण बाईंचा मानच राखतोय असं तिला वाटलं.

परिषदेच्या सकाळी निवेदकाने तेच वाचलं. बाई माइकपाशी आल्या आणि भाषणाचे कागद त्यांनी बाजूला ठेवले.

“माझी आई इथे वास्तव्याला नव्हती,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ती इथे फरश्या पुसत होती. अकरा वर्षांत दोनदा घरी आली. दुसऱ्या वेळी मी तिला ओळखलंच नाही. गेल्या वर्षी ती वारली. तिचं काम तेवढं तिच्याकडून काढून घेऊ नका.”

मागे उभ्या असलेल्या साधनाने हातातली पुस्तिका मिटली.

बाहेर येताच तिची बॉस हुमेरा पुस्तिकेच्या पानांची मांडणी करणाऱ्या फिझावर कडाडली. “फाइल लास्ट में तुम्हारे पास थी ना? खलास! आज से क्लायंट का कोई काम नहीं.”

फिझाने साधनाकडे पाहिलं. साधनाने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

जेवणाच्या सुट्टीत फिझा एकटीच खुर्च्याखुर्च्यांवरून पुस्तिका गोळा करत फिरत होती. ताट तसंच टाकून साधना गव्हर्नरबाईंच्या खोलीत गेली.

“मॅडम, ते वाक्य मी बदललं. तुम्हाला कमीपणा येईल असं वाटलं.”

“मला?”

साधनाला खोटं बोलवेना. तिची स्वतःची आई, आशा, पुण्यात चार घरी पोळ्या लाटायची. दुबईत मात्र साधनाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आईचं केटरिंग होतं. मागच्या हिवाळ्यात आई इथे आली, तेव्हा हुमेरा जेवायला येणार म्हणून साधनाने तिला बजावलं होतं, “तू कुठे काम करायचीस तो विषय काढू नकोस हं.” आई “बरं” म्हणाली आणि पूर्ण जेवणभर एक शब्द बोलली नाही. पोळ्या मात्र तिनेच केल्या होत्या.

हे सगळं साधनाने अडखळत सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

“मघाशी बाहेर कोणीतरी एका मुलीला रागावत होतं. ती तुम्ही होतात?”

“नाही.”

“मग माझ्याकडे कशाला आलात?”

साधना खाली मान घालून बाहेर पडली. हुमेरा चारजणांत उभी होती. तिथेच साधना म्हणाली, “फिझा की गलती नहीं. मैंने लिखा था. जानबूझकर. और मेरी मम्मी का केटरिंग कभी था ही नहीं. वो लोगों के घर रोटियाँ बनाती थी.”

हुमेरा गोंधळली. “उसका इससे क्या ताल्लुक?” मग आवाज थंड झाला. “मंडे को मेरे केबिन में आना.”

साधना सभागृहात गेली. फिझाच्या हातात पुस्तिकांचा गठ्ठा हनुवटीपर्यंत आला होता.

“मी सांगितलं हुमेराला,” साधना म्हणाली. “दे, अर्धा मी घेते.”

“मी तुझ्याकडे बघत होते तेव्हा तुला दिसलं होतं ना?” फिझाने विचारलं.

“हो.”

फिझाने गठ्ठा दिला नाही. तशीच ती दाराकडे निघाली, आणि साधनाने पुढे होऊन दार उघडून धरलं.