मंगळवारचं बोलणं

मी मोबाईल बोलतोय. जुना. मागच्या काचेला तडा गेलेला, कडेचं बटण आत बसलेलं, तोच. मोबाईल बोलला तर त्यात नवल काय, असं म्हणाल. पण आजवर मी दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं. स्वतःचं असं आज पहिल्यांदा बोलतोय, तेव्हा मध्ये तोंड घालू नका.

माझं शिक्षण फार नाही. कारखान्यात एका बाईने मला दोनदा चालू-बंद करून बघितलं, पुसलं, खोक्यात घातलं. झाली शाळा. डोकं म्हणजे नखाएवढा प्रोसेसर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'वेगवान'. सगळ्याच खोक्यांवर छापतात. तेव्हा मला ते खरं वाटलं होतं.

माझी पहिली मालकीण दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसायची. तीन वर्षं तिने मला नीट वापरलं. लग्न ठरलं तसा तिने नवा फोन घेतला आणि मला बापाला देऊन टाकलं.

तिचा बाप शिलाई मशीनं दुरुस्त करतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, बायकोसुद्धा. दुकान म्हणजे रस्त्यावरची एक खोली. टेबलावर पोट उघडून पडलेली मशीनं, भिंतीला टांगलेले पट्टे, बॉबिनने भरलेला पत्र्याचा डबा. मिस्त्रीच्या बोटांना कायम तेल. मुलीकडे मी मऊ रुमालात असायचो, इथे चिंध्यांत आलो. तक्रार केली नाही. केली असती तरी ऐकायला कोण बसलं होतं?

मिस्त्रीला मी हवा होतो तो त्याच्या ताईसाठी. ही त्याची थोरली बहीण. जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे तोंडाने बोलणंही नाही. तिला शाळेत कुणी घातलं नाही, आणि मिस्त्री चौथीतून पळून आला. तर या दोघांनी लहानपणी घरातल्या घरात हातांची एक भाषा बनवली. चाक फिरवल्यासारखा हात फिरवला की 'पुन्हा सांग'. मुठीवर मूठ ठेवली की 'घर'. आणि मिस्त्रीचं नाव म्हणजे आपल्या कानाची पाळी ओढायची, कारण पोरवयात त्याचे कान सुपासारखे होते. आई-वडिलांना ही भाषा थोडीफार यायची. ते गेले. ताईच्या मुलाला 'जेव', 'झोप', 'दुखतंय' एवढंच समजतं. बाकीची सगळी भाषा जगात दोनच माणसांची.

ताई राहते लांब, मुलाकडे. बसने दीड दिवस, आणि मिस्त्रीचे गुडघे पायरी दिसली तरी कुरकुरतात. चिठ्ठी लिहावी तर तिला वाचता येत नाही. मग उरलो मी.

भाच्याला सुट्टी मंगळवारी. तो दुपारी त्याच्या फोनवर आईला समोर बसवायचा. इकडे मिस्त्री शटर अर्धं ओढायचा आणि मशीनच्या लाकडी झाकणाला टेकवून मला उभा करायचा. दोन्ही हात मोकळे हवेत ना. ताईचे हात मशीनच्या सुईसारखे चालायचे. शेजारीण कशी चालते, सून भाकरी करताना कशी तोंड वाकडं करते, सगळं हातांनी करून दाखवायची. मिस्त्री हसून हसून टेबलावर डोकं टेकायचा. खोलीत आवाज म्हणून नाही. त्याची बायको चहा घेऊन डोकावायची.

"भांडताय की हसताय?"

"दोन्ही."

"माझ्याशी कधी बोलला नाहीत एवढं."

"तुला तोंड आहे. तुझ्याशी बोलायला वावच कुठे मिळतो?"

तीन वर्षं असे मंगळवार गेले. माझं आयुष्य काय ते तेवढंच. मग मी थकायला लागलो.

ते बोलायचं अ‍ॅप दर दोन महिन्यांनी नवं व्हायचं आणि माझ्या डोक्यावर आणखी एक गोणी टाकायचं. ताईचा हात वर जायचा आणि मध्येच अडकायचा. बोटांच्या जागी राखाडी चौकोन दिसायचे. आवाजाचं बोलणं असतं तर चाललं असतं, आवाज मी आजही नीट पोचवतो. पण इथे हात म्हणजेच शब्द होते, आणि मी शब्द गिळत होतो. मिस्त्री चाकासारखा हात फिरवायचा, पुन्हा. ती पुन्हा सांगायची. मी पुन्हा गिळायचो. बोलणाऱ्याला चारदा 'पुन्हा' म्हटलं की तो काय सांगेल? ती फक्त जेवलास का, बरा आहेस का, एवढंच विचारायला लागली. शेजारीण गेली, सून गेली, हसणं गेलं.

मिस्त्री फोनच्या दुकानात गेला. मी खिशात होतो. दुकानदार तोंडाचा फटकळ, पण माणूस खरा. त्याने एक फोन काउंटरवर ठेवला.

"हा घ्या काका. बहिणीची नखंसुद्धा मोजता येतील."

"याच्यापेक्षा जोरात चालणारा येणारे का?"

"येणार की. तीन महिन्यांनी दुप्पट वेगाचा प्रोसेसर येतोय म्हणतात. त्याच्यानंतर आणखी एक येईल. थांबणारच असाल तर खुर्ची देतो बसायला."

"तीन महिन्यांनी येतो," मिस्त्री म्हणाला आणि दुकान उतरला.

त्याला मूर्ख म्हणू नका. चाळीस वर्षं तो गिऱ्हाइकांना हेच सांगत आला. घाईत मशीन घेऊ नका, चांगलं येईपर्यंत थांबा, एकदाच घ्या. ज्यांनी ऐकलं त्यांची मशीनं आजही चालतात. जे मशीनला लागू तेच त्याने बहिणीला लावलं. चूक एवढीच.

मुलगी रविवारी माहेरी यायची. ती वैतागली.

"बाबा, मग माझ्या फोनवरून बोला."

"तू येतेस रविवारी, भाच्याला सुट्टी मंगळवारी. तुझ्या फोनला पाय आहेत का?"

"मग जाऊन तरी या आत्याकडे."

"नवा आला की पोटभर बोलूच की. अर्धंमुर्धं बोलून तिला कशाला चिडवायचं?"

पुढच्या मंगळवारी त्याने ताईला हातांनी सांगितलं. हा फोन म्हातारा झाला. नवा येतोय. तीन महिने. तीन बोटं त्याने माझ्यासमोर बराच वेळ धरली, म्हणजे मी गिळली तरी एखादा क्षण तिकडे पोचावा. ती समजली. तिनेही तीन बोटं दाखवली. मग तिचा हात कानाकडे निघाला, त्याचं नाव घ्यायला. तो मी वाटेत अडकवला. कानापर्यंत पोचला की नाही ते मिस्त्रीला दिसलंच नाही. मी तेवढ्यापुरता बंद पडलो.

आता जे सांगतो ते सांगायला मला आवडत नाही. तो थांबला तेव्हा मला बरं वाटलं. नवा आला असता त्या दिवशी मी कप्प्यात गेलो असतो. आणि त्याला थांबायला शिकवलं ते मीच. दुपारी तो माझ्यावरच नव्या फोनच्या परीक्षांचे व्हिडिओ बघायचा. दोन फोन शेजारी ठेवून कोण आधी उघडतो, अशी पोरं भांडायची. आणि नवल बघा, ताईचे हात दाखवताना धापा टाकणारा मी, ही भांडणं मात्र न अडखळता दाखवायचो. तीन महिन्यांनी नवा आला. त्याच आठवड्यात एक जण सांगत होता, जरा दम धरा, खरी उडी पुढच्या प्रोसेसरमध्ये आहे. मिस्त्री मान डोलवत म्हणाला, "बघ, बरं झालं घेतला नाही." मीही मनात म्हणालो, बरं झालं.

असे दहा महिने गेले. मंगळवारी शटर पूर्ण उघडं राहायला लागलं. भाच्याशी आवाजाने बोलणं व्हायचं. ताई कशी आहे? बरी आहे, मामा. बास.

मग एका गुरुवारी सकाळी मी वाजलो.

"मामा, आईला काल दवाखान्यात ठेवलंय. उजवी बाजू गेली."

मिस्त्रीच्या हातात पेचकस होता. तो त्याने खाली ठेवला नाही.

"हात?"

"उजवा हात हलत नाही. डाव्याचं काही सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर. तुम्ही येताय ना?"

"येतो. उद्याची बस."

"मामा, एक विचारू? ती दर मंगळवारी दुपारी केस विंचरून खुर्चीत बसायची. मी म्हणायचो, मामाचा फोन नाही आज. तर ती मला तीन बोटं दाखवायची. तीन काय ते मला कधी कळलंच नाही."

मिस्त्रीने त्याला सांगितलं नाही. 'येतो' एवढंच पुन्हा म्हणाला.

बस दुसऱ्या दिवशी सकाळची होती. तोवर धीर निघेना, म्हणून तो तसाच तेलकट हातांनी फोनच्या दुकानात गेला. दुकानदाराने त्याचं तोंड बघितलं आणि थट्टा सोडली.

"तो वेगवाला तीन आठवड्यांनी येतोय काका."

"आहे तो दे."

मिळाला तो पहिल्या दिवशी काउंटरवर ठेवलेलाच. दहा महिन्यांपूर्वीचा.

मुलगी अर्धी रजा टाकून दुकानात आली. तिने नवा फोन चालू करून दिला, त्याच लाकडी झाकणाला टेकवला. मी बाजूला उताणा पडलो होतो. मला काच तिरपी दिसत होती. मिस्त्रीने सवयीने शटर अर्धं ओढलं. भाच्याने तिकडून फोन धरला.

खरंच, नखं मोजता आली असती. चादरीची सुरकुती, कपाळावरचा घाम, मनगटाला चिकटवलेली पट्टी, सगळं लख्ख. ताई उशीला टेकून बघत होती. उजवा हात चादरीवर कुणी विसरून गेल्यासारखा पडला होता. मिस्त्रीने हात हलवले. विचारलं, दुखतंय का. विचारलं, मी येतोय, उद्या निघतो, कळलं का. समोर काही हललं नाही. त्याने चाकासारखा हात फिरवला. पुन्हा. पुन्हा.

मग त्याने फोन हातात घेऊन हलवला. "हाही अडकला," तो म्हणाला. "बघ गं, अडकलाय."

"नाही बाबा."

"अगं अडकलाय. हलत नाहीये काही."

"बाबा, मागे खिडकीचा पडदा बघा. हलतोय. फोन चालू आहे."

मिस्त्रीने पडदा बघितला. बराच वेळ बघितला. फोन परत जागेवर टेकवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

तेव्हा ताईचा डावा हात चादरीवरून निघाला. आधी बोटं, मग मनगट. वाटेत दोनदा टेकला. भाचा म्हणाला, "आई, राहू दे." तिला कुठलं ऐकू येतंय. हात गळ्यापाशी आला, थांबला, गालावर चढला. कानापाशी पोचला. पाळी दोन बोटांत धरली आणि ओढली.

इतक्या सावकाश, की मीसुद्धा दाखवू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गेला. महिनाभर तिकडेच राहिला. आता तो परत आलाय आणि रोज बोलतो, तिकडे सून फोन धरते, मंगळवार-बिंगळवार काही बघत नाही. शटर अर्धं होतं, चहा येतो, बायको कुणाला काही विचारत नाही. ताईकडे एकाच हाताचे शब्द उरलेत. मुठीवर मूठ ठेवता येत नाही, त्यामुळे 'घर' गेलं. शेजारणीची चालही गेली. नाव राहिलं.

मी बॉबिनच्या डब्याशेजारी कप्प्यात असतो. कधीमधी मिस्त्री मला काढतो, चिंधीने पुसतो. माझ्या आत ताईचं काही सापडेल असं त्याला वाटत असावं. नाही बाबा. तिच्या हातांतला एक शब्दही मी साठवला नाही, तसं मला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरांची भांडणं मात्र अजून पाठ आहेत.

तुम्हाला कुणाशी बोलायचं असेल तर हातात आहे त्यावर बोला. अडकेल. अर्धं ऐकू येईल, अर्धं दिसेल, चारदा 'पुन्हा' म्हणावं लागेल. म्हणा. समोरचा चिडला तर चिडू द्या. माझ्यासारख्याला जरा लाज वाटेल, वाटू द्या. पुढचा माझ्यापेक्षा वेगवान येणारच आहे, त्याच्या पुढचा त्याहून. ते कुठे पळून जात नाहीत.

झालं माझं. आता कप्पा लावून घ्या, तेलावर धूळ बसते.