डबा विसरलेला मासा

मोहिनीताईची दहाही छापचित्रं मुंबईच्या प्रदर्शनात लागली. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. पुढे चला.

तर, १९९८. मोहिनीताई म्हणजे माझी सख्खी बहीण. तिने तांब्याच्या पत्र्यावर एक मासा काढला. मासा हातात डबा घेऊन जिना चढतोय, जिन्याच्या टोकाला कुलूप लावलेला ढग. रेषा तेजाबाने खाल्लेल्या. करड्या छटांसाठी राळेची पूड पत्र्यावर वितळवून तो पुन्हा तेजाबात बुडवलेला. त्याने बारीक खड्डे पडतात आणि शाई त्यांत बसते. आईने एवढंच विचारलं, "मासा गोदावरीतला का?"

प्रदर्शनवाल्यांची अट अशी: शनिवारपर्यंत दहा प्रती, सगळ्या एकसारख्या. छपाई संपली की पत्र्यावर मोठी फुली मारून तो बाद करायचा, म्हणजे अकरावी कुणी काढू नये. या कलेत तशी रीतच आहे. जमलं नाही तर ताईची जागा दुसऱ्याला.

छापायचं यंत्र नाशकात मिळेना. मग सातपूरच्या कारखान्यांच्या वस्तीत पत्र्याची कामं करणाऱ्या सहादूभाऊंची शेड गाठली. त्यांच्याकडे पत्रा सरळ करायचे दोन रूळ होते.

"कागद बी सरळ करून देऊ," ते म्हणाले.

पत्र्यावर ओला कागद, कागदावर घोंगडी, रूळ फिरला. चाचणीचा छाप असा उमटला की ताई चक्क हसली. आम्ही खुशीत चहाला गेलो. तेवढ्यात सहादूभाऊंनी, आपलेपणाने, पत्र्याला एमरीचा घासकागद मारून तो बफिंगच्या, म्हणजे चकाकी आणणाऱ्या चाकाला लावला.

"लय खराब झाल्ता, ताई. खड्डेच खड्डे. मधला भाग चमकावलाय, कडंचं ऱ्हायलंय."

माशाच्या जागी मला माझं तोंड दिसलं. फरक फारसा नव्हता.

"भाऊ, ते खड्डे मी पाडले होते!"

"मुद्दाम?"

"मुद्दाम!"

सहादूभाऊ स्टुलावर बसले. "मग आधी सांगायचं नाय का? आमच्याकडं असा जॉब रिजेक्ट होतो."

मी म्हटलं, आपण आजारी पडलो असं मुंबईला कळवूया. ताईने ओढणी कमरेला बांधली, पत्र्यात शाई भरली, पुसली. "फिरवा रूळ."

कागदावर जिना, कुलूपबंद ढग आणि मधल्या रिकाम्या जागेच्या कडेला हवेत लटकलेला डबा.

"ताई, मासा?" मी विचारलं.

"कामावर गेला. डबा विसरला."

"आत्ता समजलं चित्र," सहादूभाऊ म्हणाले.

मासा असलेला चाचणीचा छाप तिने फाडला. संध्याकाळपर्यंत छापत राहिली. एखादा जरा फिका आला की तोही फाडायची. अखेर दहा सारखे जमले. पेन्सिलीने सह्या झाल्या. मग तिने फुलीसाठी टोचा उचलला, तर सहादूभाऊंनी पत्रा छातीशी धरला.

"चांगल्या मालावर ओरखडा? माझ्या शेडमधी नाय."

"रीत आहे, भाऊ. द्या, घरी मारते."

"घरी मारणार म्हणून तर देत नाय."

अकरावी प्रत निघणार नाही, या ताईच्या लेखी हमीवर प्रदर्शनवाल्यांनी चित्रं घेतली. पत्रा अजून सहादूभाऊंच्या कपाटात आहे, रोज पुसला जातो. ताई दर रविवारी टोचा घेऊन सातपूरला जाते, चहा पिऊन परत येते. सबब मी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांकडे अर्ज दिला आहे:

"महोदय, सदर तांब्याच्या पत्र्यावर एक (१) फुली मारणेकामी शासकीय ओरखडा अधिकारी नेमण्यात यावा. सदर अधिकारी सहादूभाऊंचा चहा न पिणारा असावा. फुली मारतेवेळी पत्र्यास दुखणार नाही, असा सिव्हिल सर्जनचा दाखला त्याने सोबत आणावा, ही नम्र विनंती."