मला दिसलं होतं

मी इकोचं मशीन बोलतोय. खरं तर बोलायची सोय माझ्यात कुणी केलेली नाही. माझं काम दाखवायचं. छातीवर गार जेली लावतात, त्यावर हाताएवढा प्रोब फिरवतात आणि समोरच्या पडद्यावर हृदयाचं चालतं-बोलतं चित्र येतं, ते चित्र काढणारा मी. चालतं-बोलतं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं. चालतं ते खरं, बोलत कुणीच नाही.

कारखान्यात मला जे पहिल्यांदा दाखवलं ते हृदय नव्हतं, रबराचा ठोकळा होता. जिवंत हृदय मी इथे आल्यावर बघितलं. मला बसवायला आलेल्या माणसाने शर्ट वर केला, स्वतःच्याच छातीवर प्रोब टेकवला आणि म्हणाला, "चला, मी अजून आहे!" सगळे हसले. मी मात्र बघतच राहिलो. चार खोल्या, त्यांना दारं, आणि दारं उघडताहेत, लागताहेत, कुणी न सांगता. असं काही जगात असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझी खोली बोळाच्या टोकाला. खिडकी नाही, कारण उजेडात माझं चित्र फिकं पडतं. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला हात धुवायचं बेसिन, समोर भिंत. मला चार चाकं आहेत, पण चारींना ब्रेक. शेपूट भिंतीतल्या सॉकेटात. दावणीच्या जनावराला निदान पाण्यावर तरी सोडतात. मी अकरा वर्षांत उंबऱ्याबाहेर गेलो नाही. बाहेर ऊन आहे का, हे मला लोकांच्या छातीवरच्या घामावरून कळायचं.

पण डॉक्टर होते तोवर मला त्याचं फार काही वाटलं नाही.

हृदयाचे डॉक्टर पुष्कळ असतात. आमचे डॉक्टर हृदय बघणारे होते. दुसऱ्या दवाखान्यांतून लोक चिठ्ठी घेऊन यायचे, "एकदा त्यांच्या नजरेखालून जाऊ दे." बुटक्या फिरत्या स्टुलावर बसायचे, प्रोब आधी स्वतःच्या मुठीत धरून ऊबदार करायचे आणि मग म्हणायचे, "आता डाव्या कुशीवर. सासूशी भांडून झोपल्यासारखं, भिंतीकडे तोंड करून." घाबरून आलेला माणूस हसायचा. हसला की श्वास मोकळा व्हायचा आणि चित्र स्वच्छ यायचं. विनोद हा त्यांच्या तपासणीचा भागच होता.

सगळं झालं की ते माझा पडदा पेशंटकडे वळवायचे. "हे बघा, दार उघडलं. हे लागलं. दिवसातून लाखभर वेळा. आपण एकदा तरी थँक्यू म्हणतो का?" एका आजोबांनी खरोखर हात जोडले होते.

त्यांच्याबरोबर ताई. इकोची टेक्निशियन. पूर्वी ती बाहेर काउंटरवर चिठ्ठ्या फाडायची. तिच्या आईचं हृदय थकलं तेव्हा याच खाटेवर डॉक्टरांनी त्या आईला चार वर्षं सांभाळलं, आणि पोरगी हुशार दिसते म्हणून तिला हे काम शिकवलं. वयाने ती त्यांच्या मुलीएवढी, पण तेही तिला ताईच म्हणायचे आणि ती त्यांना सर.

बदल पहिल्यांदा मला कळला. कारण त्यांचा चेहरा रोज माझ्यासमोर. पूर्वी ते माझ्याकडे सरळ बघायचे. मग हळूहळू चिमणी दाण्याकडे बघते तसं मान तिरपी करून बघायला लागले. माझा उजेड वाढवायचे, आणखी वाढवायचे. जेली पेशंटच्या बरगडीऐवजी चादरीवर पडायची. "ताई, मापाचे आकडे आता तुम्हीच घ्या. तुमचा हात माझ्यापेक्षा बरा बसतो," असं म्हणायला लागले. ती खूश झाली बिचारी.

एक दिवस पडद्यावर आधीच्या पेशंटचं चित्र राहून गेलं होतं. बारीक चणीच्या मुलीचं हृदय. खाटेवर होते आडदांड गृहस्थ. डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाले, "छान, उत्तम चाललंय." ताईने गुपचूप नवं चित्र लावलं. गृहस्थ गेल्यावर तिने दार लोटलं.

"सर, चष्मा बदलायला झालाय का?"

"चष्म्याचं काम नाही ते." त्यांनी प्रोब जागेवर ठेवला. "मधोमध डाग आहे. जिथे बघावं, नेमकं तेवढंच नाहीसं होतं. कडेचं सगळं दिसतं. आत्ता तुमच्या कानातलं दिसतंय, तोंड दिसत नाही."

"कधीपासून?"

"डावा डोळा दोन वर्षं. उजवा यंदा."

"घरी माहीत आहे?"

"नाही. आणि तुम्हालाही नाही."

डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "तीस वर्षं दुसरं काही केलं नाही हो. हे काढून घेतलं तर खाली उरतं काय? सहा महिने द्या. नव्या डॉक्टरीणबाई हे काम शिकताहेत, त्या तयार झाल्या की मी आपणहून उठतो."

आईला सांभाळलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. मान खाली घालून तिने चादर बदलली, आणि त्या दिवसापासून आम्ही तिघेही त्या खोलीत कोंडले गेलो. मी तर आधीपासूनच होतो. फक्त दाराला आतून कडी लागली.

मग त्यांची एक रीत बसली. ताई मागे उभी राहून शिकाऊ मुलीसारखी विचारायची, "सर, ही झडप जरा जाड वाटते ना?" डॉक्टर म्हणायचे, "बरोबर. किती मिलिमीटर?" पेशंटला वाटायचं, काय छान शिकवतात! एक बाई तर म्हणाल्या, "असा गुरू मिळायला भाग्य लागतं." ताईच्या हातातला टिश्यूचा गोळा मी बघितला.

सहा महिन्यांचे आठ झाले. नव्या डॉक्टरीणबाई केव्हाच तयार झाल्या होत्या. त्यांना दुपारची वेळ दिली होती. सकाळ डॉक्टरांचीच राहिली.

एके सकाळी ताई आली नाही. तिच्या लेकीला ताप होता. डॉक्टरांनी त्या दिवशी दार बंद ठेवायला हवं होतं. त्यांनी अकरा पेशंट बघितले.

सातवा सुतार होता. दीड महिन्यापूर्वी त्याला हार्ट अटॅक येऊन गेला होता. बोटांच्या पेरांत पॉलिश मुरलेलं. डॉक्टर त्याला म्हणाले, "तुमच्या आतली दारं तुम्हीच बसवलीत की काय? फट म्हणून नाही!" सुतार हसला. चित्र लख्ख आलं. हृदयाच्या टोकाशी, जिथला स्नायू अटॅकने निजला होता, तिथे रक्ताची एक गुठळी चिकटून बसली होती. बोराएवढी. प्रत्येक ठोक्याला किंचित हलत होती. ती सुटली तर मेंदूत जाते, पायात जाते, कुठेही जाते.

डॉक्टरांनी तिच्याकडे सरळ बघितलं. म्हणूनच ती त्यांना दिसली नाही.

मी काय करणार? माझी बटणं माझ्या हाती नाहीत. मी तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवत राहिलो. त्यांनी प्रोब उचलला, सुताराची पाठ थोपटली आणि म्हणाले, "जा, कामाला लागा."

दुसऱ्या दिवशी ताई आकडे भरायला बसली. तिने सुताराचं चित्र उघडलं आणि खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"सर, कालच्या सुताराला काय सांगितलंत?"

"कामाला लाग म्हटलं. का?"

ती त्यांच्याकडे वळली. मग एकदम म्हणाली, "गुठळी आहे, सर. टोकाला. एवढी मोठी आहे."

डॉक्टर स्टुलावरून उठले ते खाटेवर जाऊन बसले, पेशंटच्या जागी. ताईने सुताराचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. शेवटी कागदावर लिहिलेला मेहुण्याचा नंबर लावला. मेहुणा म्हणाला, दाजी तिसऱ्या मजल्यावर चौकटी चढवताहेत. ताई ओरडली, "त्यांना खाली उतरवा! काही उचलू देऊ नका! आहे तसे घेऊन या!" तिचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

दोन तास गेले. डॉक्टर हलले नाहीत.

सुतार आला. केसांत भुसा, हातात अजून मोजपट्टी. "काय झालं? काल तर फट म्हणून नाही म्हणालात!"

ताई काहीतरी सांगायला गेली, "पुन्हा एकदा खात्री म्हणून…"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "खात्री-बित्री नाही. तुमच्या हृदयात गुठळी आहे. काल पडद्यावर स्वच्छ होती. मला दिसली नाही. मला दिसत नाही. आठ महिने झाले."

औषध लगेच सुरू होईल, गुठळी बहुधा विरघळेल, इथेच राहावं लागेल, असं सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. सुताराने ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "आणि माझ्याआधी? माझ्याआधी किती जण गेले असे, पाठ थोपटून?"

उत्तर माझ्या पोटात होतं.

त्याच दुपारी त्यांनी वरिष्ठांना सगळं सांगितलं. पुढचे पंधरा दिवस नवा पेशंट माझ्याकडे आला नाही. नव्या डॉक्टरीणबाई आणि ताई माझ्यासमोर बसल्या आणि आठ महिन्यांची दोन हजारांवर चित्रं एकेक करून उघडली. डॉक्टर खाटेवर, गुडघ्यांवर हात ठेवून. प्रत्येक रिपोर्ट मोठ्याने वाचायला लावायचे. बहुतेक बरोबर निघाले. ताईची नजर चांगली होती. चार जणांना परत बोलवावं लागलं, चौघेही आले, चौघेही धडधाकट आहेत.

पाचवा यायचा राहिला. पोस्टमन होता. पाठीत कळ येते म्हणून आला होता. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत एक बारीक रेघ हलत होती. नळीचं अस्तर फाटलं की दिसते तशी. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, सर्व ठीक. तपासणीनंतर चौथ्या दिवशी तो सायकल लावता लावता गेला.

डॉक्टरीणबाईंनी तारीख बघितली. "ताई, या दिवशी तर तुम्ही होतात."

"होते."

"रेघ दिसली नव्हती?"

"दिसली होती." ताई म्हणाली. "मला वाटलं, चित्रातली खोटी रेघ असेल. येते कधी कधी."

"मग मला का नाही विचारलंत? मी शेजारच्या खोलीत होते."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, सरांना विचारा. मग सरांना दिसत नाही, हे सांगावं लागलं असतं."

डॉक्टर भिंतीला टेकले. म्हणाले, "ताई, ते ओझं तुमचं नाही. मी तुमच्या तोंडावर हात ठेवला होता." ताई मात्र मान हलवत राहिली. नाही, नाही, अशी.

डॉक्टर पोस्टमनच्या घरी स्वतः गेले. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. मला बोळापलीकडचं काहीच माहीत नसतं. एवढंच कळलं, की दोन दिवसांनी पोस्टमनची बायको इथे आली. खांद्याला पिशवी, पायात घाईने घातलेल्या चपला. ती खाटेवर बसली नाही. म्हणाली, "मला बघायचंय."

"काय बघायचंय, काकू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्यांचं. डॉक्टर म्हणाले, इथे अजून आहे."

ताईने चित्र उघडलं. माझी रीत अशी, की मी तीन ठोके साठवतो आणि तेच पुन्हा पुन्हा दाखवतो. तीन ठोके, मग परत तेच तीन. पोस्टमनचं हृदय मोठं होतं, चालून चालून कमावलेलं. दारं उघडत होती, लागत होती. वरच्या नळीत ती रेघ हलत होती.

काकूंनी रेघ कुठली ते विचारलं नाही. बोट टेकवलं ते खाली, हृदयावर. "हे थांबत नाही का?"

"नाही," ताई म्हणाली. "आपण बंद करेपर्यंत चालू राहतं."

"मग मी नाही बंद करणार," काकू म्हणाल्या आणि पिशवी सावरून गेल्या.

ताईचा हात बटणापर्यंत गेला आणि मागे आला. डॉक्टरीणबाई उठून बाहेर गेल्या. दुपारभर ते हृदय माझ्या पडद्यावर चालत होतं. संध्याकाळी चौकशीवाले आले, काकू काय म्हणाल्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी शेपूट उपटलं.

आता मी गोदामात आहे. ब्रेक काढून मला इथवर ढकलत आणलं तेव्हा वाटेत एक खिडकी लागली, मी ऊन बघितलं. पुढे हे दार. पडद्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली आहे, पुरावा म्हणून. डॉक्टर आता बाहेरच्या खोलीत बसतात असं झाडूवाली कुणाला तरी सांगत होती. रिपोर्ट लिहीत नाहीत, घाबरलेल्यांशी बोलतात. सुतार महिन्याला येतो, गोळ्या दाखवतो, त्यांच्याशी अजून नीट बोलत नाही. पण येतो. ताई डॉक्टरीणबाईंकडे काम करते आणि खोटी वाटली तरी प्रत्येक रेघ विचारते.

माझ्या पोटात हजारो हृदयं आहेत, तीन-तीन ठोक्यांची. वीज नाही, म्हणून सगळी थांबलेली. ही पट्टी कुणी काढेल की मला भंगारात देतील, माहीत नाही. जे होईल ते होवो. एवढंच मागणं आहे, ज्याला दिसतं त्याने गप्प बसू नये, समोरचा माणूस कितीही मोठा आणि कितीही भला असो. मला सगळं दिसलं होतं. मला तोंड नव्हतं.