कमरेइतक्या पाण्यात

न्यूमोनियाने अडीच महिने अंथरुणाला खिळवल्यावर मासोळीला पाण्यात उतरायची परवानगी मिळाली, ती पोहायची नव्हे, चालायची. कमरेइतक्या पाण्यात, दहा मिनिटं. बोलताना धाप लागली की लगेच बाहेर यायचं, असं फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं. बावीस वर्षं तिने याच तलावावर लोकांना पोहायला शिकवलं होतं. मासोळी हे नावही तिथलंच. आता ती उथळ टोकाला कठडा धरून पावलं टाकत होती.

तिची थोरली बहीण शिवणयंत्र झाकून रोज सोबत यायची आणि काठावर खुर्ची टाकून बसायची. ताईला पोहता येत नव्हतं. अंगावर शिंतोडा उडाला तरी ती पाय वर घ्यायची. दर मिनिटाला ती काहीतरी विचारायची आणि मासोळीने एका दमात उत्तर द्यायचं, अशी त्यांची तपासणी होती.

"पडदे धुवायला टाकू का?"

"टाक, पण... बाहेरच्या खोलीतले राहू देत."

"मध्ये थांबलीस."

"विचार करत होते गं."

"पडद्यांचा एवढा कसला विचार? चल, दोन मिनिटं राहिली."

पाचवा दिवस होता. भर दुपारी तलावात मासोळीखेरीज एकच माणूस होता, गणिताचे निवृत्त मास्तर. सत्तरी ओलांडली तरी रोज आठ फेऱ्या मारायचे. नवा जीवरक्षक पंपाच्या खोलीत काहीतरी बघायला गेला होता, आणि पंपाची घरघर सगळीकडे भरून राहिली होती.

मासोळीने सहज खोल टोकाकडे पाहिलं. मास्तर पोहत नव्हते. पाण्यात उभेच्या उभे होते, मान मागे टाकलेली, तोंड पाण्याच्या पातळीला. हात बाजूला पसरून पाणी दाबत होते. आवाज अजिबात नव्हता.

"ताई, मास्तर बुडताहेत."

ताईने वळून पाहिलं. "अगं, आराम करताहेत ते."

"बुडताहेत. जीवरक्षकाला आण."

"तुला सोडून?"

मासोळीने ओरडायला तोंड उघडलं, पण खोकलाच आला. मग ती हळूच म्हणाली, "ताई, पळ." तो आवाज ताईने लहानपणापासून कधी ऐकला नव्हता. खुर्ची पाडून ती पळाली.

मासोळी चार पायऱ्या चढून काठावर आली. धावली तर वाटेतच कोसळणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती चालली. भिंतीला हात लावत, दोन पावलांना एक श्वास. नजर मास्तरांवरून हलवली नाही. त्यांचं तोंड पाण्याखाली गेलं, वर आलं. पुन्हा गेलं.

अर्ध्या वाटेवर भिंतीला बचावाची लांब काठी टांगलेली होती, टोकाला मोठी कडी असलेली. ती कधीकाळी एका हाताने उचलायची. आज काढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. काठी फरशीवरून घासत तिने खोल टोक गाठलं आणि काठावर पालथी आडवी झाली. उभं राहून ओढलं असतं तर मास्तरांनी तिलाच आत घेतलं असतं. एक पाय शिडीच्या दांड्याला अडकवून तिने काठी पुढे सरकवली.

पहिल्यांदा कडी मास्तरांच्या खांद्यावरून निसटली. दुसऱ्यांदा त्यांची बोटं कडीवर आवळली.

ओढायचं त्राण नव्हतं. ती फक्त धरून राहिली. छातीत आग पेटली होती, कानांत ठोके बसत होते. हात सुटू लागला तेव्हा तिने मनगटावर दात रोवले. मग शेजारून कोणीतरी धप्पकन पाण्यात पडलं आणि काठी हलकी झाली.

जीवरक्षकाने मास्तरांना बाहेर काढलं. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते त्यांच्या. ते खोकले, ओकले, आणि घटकाभराने रुग्णवाहिकेत बसताना "माझा चष्मा कुठाय?" म्हणून चिडले. ते ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मासोळीचे ओठ मात्र काळेनिळे पडले होते. तिला त्याच गाडीत घालून नेलं. ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं.

सकाळी ताई तिचे केस विंचरत होती. एकाएकी तिचा हात थांबला. "तू उडी मारशील म्हणून मी मागे बघतच नव्हते."

"मारणारच होते. खोल टोकाला पोचले तेव्हा पाय उचलला होता."

"मग?"

"जमणार नाही हे कळलं. बावीस वर्षं पाण्यात काढली, आणि पहिल्यांदाच कळलं की मला जमणार नाही."

मग ती रडली. दुखण्यात एकदाही रडली नव्हती. ताईने तिला थोपवलं नाही, नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

फिजिओथेरपिस्टने दोन आठवडे विश्रांती सांगितली. त्यानंतर पाच मिनिटांपासून, पुन्हा पहिल्यापासून. मासोळीने हुज्जत घातली नाही. पंधराव्या दिवशी ती उथळ टोकाच्या पायऱ्या उतरली, आणि कठडा सोडून चालायचा मोह तिने सहा दिवस आवरला.