माझूआईच्या पाठीवरचा बाण

को मिंग-तांग तिसऱ्यांदा त्याच बोटीवर चढला तेव्हा घड्याळात सकाळचे दहा वाजले होते आणि त्याच्या तोंडावर बारा. सकाळीच कंपनीच्या मालकीणबाईंचा फोन आला होता, "आज ती अँटेना लागली नाही, तर उद्यापासून गोदामात बस. खोकी तरी ठेवली तिथं राहतात."

ट्यूना पकडणारी ही बोट तुंगकांग बंदरातून अकरा वीसला सुटणार होती. मुहूर्त देवळातून काढलेला. तो काही को साहेबांच्या सोयीनं हलणार नव्हता.

दुखणं मोठं अजब होतं. सुकाणूच्या खोलीमागे लोखंडी चौकटीवर एक पांढरा घुमट, त्याच्या पोटात फिरती डिश. बोट कितीही डुलो, डिश उपग्रहावरची नजर काढत नाही. तिला फक्त बोटीचं नाक कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक असावं लागतं. म्हणून घुमटाच्या बुडावर लाल बाण असतो, तो नाकाकडे करून बसवायचा. वाकडा बसला तरी बिघडत नाही. जितके अंश वाकडा, तितका आकडा खालच्या कंट्रोल-पेटीत भरायचा, की झालं.

पहिल्या खेपेला फरक निघाला वीस अंश. कोनं भरला, सिग्नल भरभरून आला, कप्तानानं खूश होऊन सुपारी खायला दिली. चार दिवसांनी बोंब, डिश भलतीकडेच बघतेय! मोजलं तर पस्तीस. आणि आज पन्नास.

"लोखंडाला पाय फुटले की काय?" को पुटपुटला.

"मला काय विचारतोस?" कप्तान हुंग चिन-शुई खेकसला. "आकडे तू भरतोस. गणित तुला मास्तरानं शिकवलं की मेंढरानं?"

को मुकाट्यानं घुमटापाशी चढला. बोल्टांवर ताजे ओरखडे होते, आणि ओरखड्यांवर राख. अगरबत्तीची! तो तसाच खाली उतरला.

सुकाणूच्या खोलीत, मागच्या भिंतीला टेकून समुद्राच्या देवीचं, माझूआईचं, छोटंसं देवघर होतं. पुढ्यात कप्तानाची ब्याऐंशी वर्षांची आई संत्री मांडत बसलेली. संत्र्यांच्या शेजारी एक पाना.

"आजी, हा पाना नैवेद्याचा का?"

आजीनं मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. "तुझ्या त्या टोपावरचा बाण कुठं रोखलाय, बघितलंस? थेट देवीच्या पाठीत! तिनं तुम्हाला सांभाळायचं आणि तुम्ही मागून बाण मारायचा? मी सरकवते थोडा थोडा. एकदम ढकलला असता तर पोराच्या लक्षात आलं असतं."

"आई!" कप्तानाचा आवाजच फाटला.

"ओरडू नकोस. देवी ऐकतेय."

को मनातल्या मनात नाचला. बाण कुठंही तोंड करून बसला तरी त्याला काय! बसला तिथं बसून राहिला पाहिजे, एवढंच. पण हे आजीला सांगितलं तर पाना उद्या परत वर चढणार. त्यानं चेहरा शक्य तितका दुःखी केला.

"आजी, माझी नोकरी गेली तरी चालेल, पण देवीचा मान राहिला पाहिजे. तिलाच विचारू. म्हणेल तिथं बाण. मात्र एकदा कौल मिळाला की पाना माझा."

आजी एकदम ताठ बसली. असा समंजस मिस्त्री तिनं जन्मात पाहिला नव्हता.

अर्धचंद्रासारखे दोन लाकडी ठोकळे निघाले. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. असा होकार सलग तीनदा हवा.

"माझूआई, साठ अंश चालतील?" कोनं ठोकळे टाकले. दोन्ही पालथे. नाही.

"सत्तर?" दोन्ही उताणे.

"देवी हसतेय तुला," आजी म्हणाली.

"मलाही हसूच येतंय," कप्तान घड्याळाकडे बघत म्हणाला. "आवरा! अकरा वाजले!"

ऐंशीला एक होकार, मग नकार. नव्वदला पहिला होकार. दुसराही होकार! तिसऱ्यांदा ठोकळे उडाले, एक पालथा पडला आणि दुसरा टुणकन देवघराखाली.

को पोटावर झोपून टॉर्च घेऊन घुसला. ठोकळा कोपऱ्यात होता. पालथा.

"दिसला का रे?"

"दिसतोय, आजी. धूळ फार आहे." गोदामातली खोकी डोळ्यांपुढून सरकली. कोनं एक बोट हळूच पुढे केलं. "उताणा! उताणा आहे!"

मग नुसती पळापळ. घुमट नव्वदवर वळला, बोल्ट आवळले, पेटीत नव्वद भरले. डिश घुर्रकन फिरली आणि गप्प उभी राहिली. सगळे हिरवे दिवे लागले. आजीनं दोन्ही हातांनी पाना कोच्या स्वाधीन केला.

अकरा वीसला फटाके फुटले, बोट सुटली. धक्क्यावर दोघंच उरले, को आणि आजी.

"पोरा," आजी म्हणाली, "त्या देवघराखाली धूळ नसते. रोज सकाळी मी पुसते."

कोच्या हातातला पाना गळून पायावर पडला. "आजी, मी... ते..."

"माझा नवरा पहिल्यांदा समुद्रावर निघाला तेव्हा देवी दोनदा नाही म्हणाली होती. तिसऱ्यांदा ठोकळा तिथंच घुसला. आत कोण शिरलं असेल?"

को पाय चोळायचा विसरला. "मग?"

"मग काय! बोट भरून आली. बोटभर मदत लागली तर तिला राग येत नाही."

तेवढ्यात कोचा फोन वाजला. "ए को!" कप्तान लाटांवरून ओरडत होता. "बंदराचा बांध ओलांडला, सरळ दक्षिणेला वळलो, तरी दिवे हिरवेच! सांग तुझ्या मालकीणबाईंना!"

को तोंड उघडणार, तोच आजीनं फोन हिसकावला.

"चिन-शुई? जेवलास का?"