गोळ्या त्यांच्या, फिरणं तिचं

मी एक जुनी आरामखुर्ची आहे. मित्रांनो, उतावीळपणा माझ्या जातीला शोभत नाही. पण आज माझे चारही पाय एका जागी ठरत नाहीत. का, ते क्रमानेच सांगते.

कन्नडच्या एका सुताराने मला सागवानातून घडवले. कडुबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून मला घेतले आणि एसटीच्याच टपावर बांधून शहरात आणले. निरोप समारंभाची रीत तुम्हाला ठाऊक असेल. आयुष्यभर उभ्याने राबलेल्या माणसाला शाल, श्रीफळ आणि बसायची सोय देतात. भाषणात साहेब म्हणाले, "कडुबा, आता बसा." कडुबा शिस्तीचे. बसले ते बसलेच.

मोठे सुखाचे दिवस होते. चहा माझ्या हातावर, पेपर माझ्या हातावर, दुपारची झोप माझ्या कुशीत. पाहुणे म्हणत, "खुर्ची लई झकास." माझा वेत खाली लोंबू लागला, तोही मी मानच समजले.

मग कडुबांना शुगर निघाली. पाठोपाठ त्यांच्या पत्नी पारूबाईंनाही. डॉक्टरांनी दोघांना सारखेच सांगितले: रोज गोळ्या घ्या आणि रोज फिरा. घरी येऊन दोघांनी हे काम संसारातल्या इतर कामांसारखे वाटून घेतले.

"तू तशीबी भाजीला जातीच. फिरायचं तू बघ," कडुबा म्हणाले. "गोळ्याचं मी बघतो."

"बरं झालं. मला त्या गिळवतच नाय."

त्यामुळे कडुबा गोळी घेऊन माझ्यावर आणि पारूबाई गोळी न घेता मैदानावर फिरायला. औषध आत काम करत असताना आपण हलून त्याला कशाला त्रास द्यायचा, असे कडुबांचे मत होते.

पारूबाईंची एक इच्छा होती. अजिंठ्याच्या लेण्यातला बुद्ध डोळ्यांनी पाहायचा. सगळा जन्म याच जिल्ह्यात गेला, पण जाणे झाले नाही. त्यांची लेक विशाखा, शाळेत शिक्षिका, दोघांना न्यायला तयार झाली. अट एकच, आधी तपासणी.

"तिथं डोली मिळती म्हणे," कडुबा निवांत होते. "चार माणसं खुर्चीवर बसवून वर नेतात. आपल्याला बसायचा सराव हाये."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी मत्सर वाटला.

रिपोर्ट विशाखाने माझ्यासमोरच वाचले. दोघांचीही साखर चढलेली. पारूबाईंच्या पायांना मुंग्याही येत होत्या. त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

"आई, गोळ्या घेत नाहीस?"

"त्या तुझे बाबा घेतात ना."

"आणि बाबा, तुमचं फिरणं?"

"आई फिरती की."

विशाखाने रिपोर्टची घडी घातली. "दोघांनी मिळून एकाच माणसाचा इलाज केलाय," ती म्हणाली. "डॉक्टर हो म्हणेपर्यंत अजिंठा बंद."

पारूबाई स्वयंपाकघरात गेल्या. आत नळ नुसताच वाहत राहिला. कडुबा माझ्यावर होते, पण पाठ टेकली नाही त्यांनी. मग उठले आणि पाणी आणि गोळी घेऊन आत गेले.

"घे. मी चपला घालतो."

"गिळवत नाय मला."

"मला तरी कुठं चालवतं?"

त्या दिवसापासून माझे वैभव संपले. माझ्यावर घड्या न केलेले कपडे पडू लागले. लोक याला उपेक्षा म्हणतात. मला तर रोज सकाळी दोघे फिरायला निघाले की हुरूप येई. पुढे साखर उतरली. "आता फिरतो, तर गोळी बंद करू का?" कडुबांनी विचारले. "ते मी सांगेन, तुम्ही नाही," डॉक्टर म्हणाले, आणि अजिंठ्याला मात्र हो म्हणाले.

आज ते जाऊन आले! डोलीवाले निम्म्या पायऱ्यांपर्यंत आशेने कडुबांसोबत चालले, मग नाद सोडून परतले. पारूबाई बुद्धासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की विशाखाला हात धरून बाहेर आणावे लागले.

मित्रांनो, आम्हाला अधूनमधून पुसा, वेत सैल झाला तर विणून घ्या. पण घरातल्या म्हाताऱ्यांना आमच्या हवाली करून मोकळे होऊ नका. गोळीची आठवण करा आणि चपलाही पुढ्यात ठेवा.

आत्ता पारूबाई माझ्यावर बसल्या आहेत.

"ऊठ, खुर्ची माझी हाये," कडुबा म्हणाले.

"तुमचं बसून झालंय लई. टेका तिथं खाली."

कडुबा हसत जमिनीवर टेकले. इतक्या वर्षांत माझ्यावर माणसे पुष्कळ बसली. दमून बसलेले माणूस मी आज पहिल्यांदा पाहिले.